पुनर्दर्शनाचा प्रश्न : ‘सोलारिस’ आणि वसई-विरारचा प्रेक्षक

साहित्याच्या समीक्षेत पुनर्वाचन इतके गृहीत धरलेले असते की त्याचा वेगळा उल्लेख करण्याची गरज कोणाला भासत नाही. संहिता हाताशी असते; शंका आली तर पान उलटता येते, अवतरण देता येते, दिलेले अवतरण दुसऱ्याला पडताळून पाहता येते. चित्रपटाच्या समीक्षेला ही सोय तिच्या आयुष्याचा फार मोठा काळ नव्हती. फ्रेंच अभ्यासक रेमाँ बेलूर यांनी १९७५ मध्ये चित्रपटाला ‘हाती न लागणारी संहिता’ म्हटले ते याच अर्थाने. चित्रपटाचे वर्णन करता येते, त्याचे अवतरण देता येत नाही. बेलूर यांचा मुद्दा सैद्धान्तिक होता. महाराष्ट्रात तो सिद्धान्ताच्या कितीतरी आधी व्यवहाराचा होता. मराठीतील गंभीर चित्रपटसमीक्षा साधारणतः साठ ते ऐंशी या दशकांत आकाराला आली, आणि ती बव्हंशी एकदाच पाहिलेल्या चित्रपटांविषयी लिहिली गेली. तिची परिभाषा, तिचे मूल्यनिर्णय आणि तिच्या चुकाही या एकदाच पाहण्यातून घडल्या आहेत.

उदाहरणादाखल एकच शब्द घेता येईल. युरोपीय कलाचित्रपटाविषयी मराठीत लिहिताना वा बोलताना ‘संथ’ हे विशेषण जितक्या सहजपणे आले, तितक्या सहजपणे दुसरे क्वचितच आले असेल. वापरणाऱ्याच्या मनात ते कधी स्तुतीचे असे, कधी तक्रारीचे, पुष्कळदा क्षमायाचनेचे: चित्रपट संथ आहे, पण पाहावा. हा शब्द चित्रपटाचा गुणधर्म सांगतो की प्रेक्षकाची अवस्था, हे मात्र फारसे तपासले गेले नाही. आंद्रेई तार्कोव्हस्की यांचा ‘सोलारिस’ (१९७२) पुन्हा पाहणाऱ्याला हा प्रश्न टाळता येत नाही. कारण ‘संथ’ हा प्रथमदर्शनाचा शब्द आहे, दुसऱ्या दर्शनात तो टिकत नाही, आणि खुद्द ‘सोलारिस’ हा पुन्हा पाहण्याविषयीचाच चित्रपट आहे.

प्रथमदर्शनाची परिस्थिती काय होती हे आधी पाहिले पाहिजे. १९५२ च्या जानेवारीत मुंबईत पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरला आणि इटालियन नववास्तववादाची ओळख एका पिढीला झाली. १९५९ मध्ये सत्यजित राय यांच्या अध्यक्षतेखाली फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया स्थापन झाली. मुंबईत १९६८ साली प्रभात चित्र मंडळ सुरू झाले आणि मराठी मध्यमवर्गीय प्रेक्षकाला जागतिक चित्रपटाची वाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली. या चळवळीचे अर्थकारण साधे होते. परदेशी वकिलातींकडून, त्यांच्या सांस्कृतिक केंद्रांकडून वा फेडरेशनमार्फत एक प्रिंट येई. ती एका शहरातून दुसऱ्या शहरात फिरे. फिल्म सोसायट्यांचे खेळ सभासदांपुरते असल्याने त्यांना सेन्सॉरच्या प्रमाणपत्रातून सूट मिळत असे, आणि त्यामुळेच तो चित्रपट व्यावसायिक चित्रगृहात पुन्हा दिसण्याची शक्यता जवळजवळ नसे. सोव्हिएत चित्रपटांच्या बाबतीत स्थिती किंचित बरी होती, कारण पेडर रोडवरील सोव्हिएत सांस्कृतिक केंद्र आणि सोव्हएक्सपोर्टफिल्मचे मुंबईतील कार्यालय यांमुळे प्रिंट तुलनेने सुलभ होत. तरीही नियम तोच होता: आलेला खेळ चुकला तर चित्रपट चुकला.

याला एक महत्त्वाचा अपवाद होता आणि तो पुण्यात होता. १९६४ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात पी. के. नायर यांनी जो संग्रह उभा केला त्याने भारतात प्रथमच चित्रपटाला ग्रंथालयातील पुस्तकासारखे अस्तित्व दिले. शेजारच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये चित्रपट-रसास्वादाचे अध्यापन करणारे सतीश बहादूर ‘पथेर पांचाली’ पुनःपुन्हा दाखवीत, रीळ थांबवून शॉटमागून शॉट उलगडीत. श्यामला वनारसे यांच्यासह त्यांनी केलेला अपू-चित्रत्रयीचा संहितानिष्ठ अभ्यास हे या पद्धतीचे फलित होय. पुनर्दर्शन म्हणजे काय याची जाण मराठी वर्तुळात आली ती मुख्यतः या संस्कारातून. पण हा संस्कार ज्यांना प्रवेश होता त्यांच्यापुरता होता. पुनर्दर्शन हा त्या काळी संस्थेचा विशेषाधिकार होता, ही गोष्ट मराठी चित्रपटसमीक्षेच्या इतिहासात जेवढी ठळकपणे नोंदवली जायला हवी तेवढी नोंदवली गेलेली नाही.

हा विशेषाधिकार नसलेल्या प्रेक्षकाचे रूप पाहायचे तर मुंबईच्या उत्तर टोकाला, वसई-विरारकडे वळावे लागते. चर्चगेट ते विरार हे अंतर सुमारे ६० किलोमीटर. विजेची गाडी तेथवर १९३६ मध्ये पोहोचली, आणि स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत गिरगाव-दादरहून जागेअभावी बाहेर पडलेली मराठी कुटुंबे याच मार्गाने वसई, नालासोपारा, विरारला वसत गेली. तिथल्या प्रेक्षकाच्या दृष्टीने फिल्म सोसायटीचे सभासदत्व ही रेल्वेच्या वेळापत्रकाशी बांधलेली गोष्ट होती. साडेसहाला सुरू झालेला १६६ मिनिटांचा ‘सोलारिस’ सव्वानऊला संपतो. त्यानंतर घरी पोहोचेस्तोवर अकरा वाजून जातात. पण या परतीच्या प्रवासाचा एक उपयोग होता. गाडीत चित्रपट पुन्हा सांगितला जाई. कोणते दृश्य आधी, कोणते नंतर, मूळ संवाद काय आणि उपशीर्षकांत काय वाचले, यावर वाद होत. दुसरे दर्शन शक्य नसलेल्या काळातले हे तोंडी पुनर्दर्शनच होय, आणि मराठीतील पुष्कळ चित्रपटलेखनाचा पहिला खर्डा असा कथनातच तयार झाला असणार. त्याची मर्यादा उघड आहे. कथनात घटना टिकतात, कालावधी टिकत नाही. पाच मिनिटे चाललेला शॉट सांगायला पाच सेकंद लागतात, आणि उरलेल्या अवकाशाला नाव देण्यासाठी ‘संथ’ हा शब्द हाताशी असतो.

‘सोलारिस’कडे मराठी प्रेक्षक कोणती अपेक्षा घेऊन गेला हेही पाहण्याजोगे आहे. हान्स रॉबर्ट याउस यांच्या परिभाषेत हा अपेक्षाक्षितिजाचा प्रश्न आहे. मराठी विज्ञान परिषद १९६६ मध्ये स्थापन झाली. परिषदेच्या १९७४ च्या विज्ञानकथा स्पर्धेत जयंत नारळीकर यांनी टोपणनावाने ‘कृष्णविवर’ ही कथा पाठवली, आणि पुढे ‘यक्षांची देणगी’ (१९७९) या संग्रहाने मराठी विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळवून दिली. या कथेची प्रेरणा प्रबोधनाची होती. वैज्ञानिक कल्पना वाचकाला समजावी, तिचे परिणाम त्याला दिसावेत हा तिचा हेतू होता आणि तो सफल झाला. या क्षितिजावरून पाहणाऱ्याला ‘सोलारिस’मध्ये विज्ञान सापडत नाही. अंतराळप्रवास काही क्षणांत आटोपतो. ग्रह व्यापून असलेल्या बुद्धिमान महासागराचे कोणतेही स्पष्टीकरण मिळत नाही. ज्याला मूळ कादंबरीकडे वळावेसे वाटे त्याच्या हाती स्टानिस्लाव लेम यांच्या १९६१ च्या पोलिश पुस्तकाचा १९७० मधील इंग्रजी अनुवाद येई, आणि तोही फ्रेंच अनुवादावरून केलेला. लेम स्वतःही चित्रपटावर नाराज होते. तार्कोव्हस्की यांनी आपल्या कादंबरीऐवजी ‘गुन्हा आणि शिक्षा’ चित्रित केली, अशा आशयाची त्यांची तक्रार प्रसिद्ध आहे. गंमत अशी की तार्कोव्हस्की यांनाही या चित्रपटातील विज्ञानकथेचा सरंजाम खटकत होता. म्हणजे कादंबरीकार, दिग्दर्शक आणि मराठी प्रेक्षक या तिघांचीही अपेक्षा चित्रपटाने पुरी केली नाही, आणि तरी तो उरला.

तो का उरला याचे उत्तर चित्रपटाच्या रचनेत आहे, आणि ते दुसऱ्यांदा पाहिल्यावाचून हाती येत नाही. मानसशास्त्रज्ञ क्रिस केल्विन सोलारिसच्या कक्षेतील स्थानकावर जाण्याआधी आपल्या वडिलांच्या घरी येतो. तेथे बर्टन नावाचा निवृत्त वैमानिक त्याला एक जुनी चित्रफीत दाखवतो. तीत तरुण बर्टन चौकशी समितीपुढे साक्ष देत आहे. सोलारिसच्या महासागरावर उडताना त्याने धुके पाहिले, मग पृष्ठभागावर जणू प्लास्टरची बनवलेली बाग पाहिली, झाडे आणि वाटा असलेली, आणि मग एक महाकाय मूल पाहिले. समिती त्याच्या विमानातून घेतलेले चित्रण पाहते. त्यात ढग आहेत आणि लाटा आहेत, दुसरे काही नाही. समिती निष्कर्ष काढते की बर्टनला भास झाला.

प्रथमदर्शनी हे दृश्य लांबलेले प्रास्ताविक वाटते. दुसऱ्यांदा पाहताना ध्यानात येते की चित्रपटाचा शेवट या साक्षीत आधीच सांगून टाकला आहे. अखेरीस केल्विन ज्या घराच्या दारात उभा राहतो ते घर, ते तळे, ती झाडे ही महासागराने निर्माण केलेली आहेत. बर्टनने पाहिलेली बाग तीच जातकुळी सांगते. म्हणजे यंत्राने टिपलेले चित्रण रिकामे निघाले आणि माणसाची साक्ष खरी ठरली. फिल्म सोसायटीच्या पिढीतील समीक्षकाची अवस्था बर्टनसारखी होती. त्याच्याजवळ साक्ष होती, पुरावा नव्हता. आज पुरावा ज्याच्या हातात आहे त्याने जुन्या मराठी लेखांतील दृश्यक्रमाच्या चुका काढून दाखवणे सोपे आहे. पण त्या साक्षीत जे पाहिले गेले होते ते चित्रफितीत दिसतेच असे नाही.

चित्रपटातील पुनर्दर्शनाचा दुसरा प्रसंग अधिक क्रूर आहे. महासागर केल्विनच्या स्मृतीतून त्याची मृत पत्नी हारी घडवतो. ती पहिल्यांदा येते तेव्हा केल्विन तिचा पोशाख सोडवू पाहतो आणि त्याला कळते की पाठीवरच्या नाड्या केवळ दिसायच्या आहेत. पोशाखाला उघडण्याची जागाच नाही. अखेर तो कात्रीने कापावा लागतो. स्मृतीला पोशाख आठवतो, त्याची गाठ आठवत नाही. एकदाच पाहून लिहिलेल्या समीक्षेचे याहून नेमके रूपक शोधून सापडणार नाही. अशा लेखात चित्रपट जिवंत उभा राहतो, त्याचा चेहरा ओळखीचा असतो, पण तो कुठे जोडला आहे हे लेखकाला सांगता येत नाही, कारण संकलनाचे सांधे स्मृतीत राहत नाहीत. पुढे केल्विन हारीला घरची जुनी चित्रफीत दाखवतो: बर्फ, शेकोटी, आई, आणि खरी हारी. ती पाहून आरशासमोर उभी असलेली ही दुसरी हारी म्हणते की डोळे मिटले की आपला स्वतःचा चेहरा आपल्याला आठवत नाही. आणखी नंतर, स्थानकावरच्या ग्रंथालयात ती ब्रॉयगल यांचे ‘बर्फातील शिकारी’ हे चित्र टक लावून पाहत राहते. कॅमेरा चित्रावरून हळूहळू सरकतो, झाडे, पक्षी, कुत्री, गोठलेले तळे एकेक करून न्याहाळतो. काही क्षणांनी स्थानक तीस सेकंद भारहीन होते, बाखच्या संगीतात केल्विन आणि हारी तरंगतात. हा प्रसंग बहुतेकांच्या स्मरणात राहतो. त्याआधीचे न्याहाळणे राहत नाही. वास्तविक हारी माणूस होते ती तरंगताना नव्हे. ती पाहायला शिकते तेव्हा होते.

आता ‘संथ’ या शब्दाकडे परत यावे लागते. बर्टन शहरात परततो तो प्रसंग, मोटारीतून दिसणारे महामार्ग, बोगदे, एकावर एक चढलेले रस्ते, हा सुमारे पाच मिनिटांचा भाग या चित्रपटाच्या संथपणाचा पुरावा म्हणून नेहमी दिला जातो. हे चित्रण तोक्योच्या द्रुतगती मार्गांवर केलेले आहे. १९७१ मध्ये ते भविष्यातील शहर म्हणून खपण्यासारखे होते. पहिल्यांदा पाहणारा या भागात काहीतरी घडण्याची वाट पाहतो. दुसऱ्यांदा पाहणाऱ्याला ठाऊक असते की काही घडणार नाही, आणि म्हणून तो पाहू लागतो. मग रंग येतात आणि जातात हे दिसते, वाहनांच्या घरघरीत एदुआर्द आर्तेमयेव यांनी मिसळलेले ध्वनी ऐकू येतात, मागच्या आसनावरचे मूल दिसते, आणि गजबज शिगेला पोहोचते तोच वडिलांच्या घराजवळच्या निःशब्द तळ्यावर झालेला काट अंगावर येतो. या पाच मिनिटांत न्यून नाही, दाटी आहे. रोलाँ बार्त यांनी ‘एस/झेड’ (१९७०) मध्ये असा विचार मांडला आहे की जो पुनर्वाचन करीत नाही त्याला सर्वत्र एकच गोष्ट वाचावी लागते. त्याच चालीवर म्हणता येईल की जो पुनर्दर्शन करीत नाही त्याला सर्व कलाचित्रपट एकसारखे संथ दिसतात.

मराठी समीक्षेला या प्रश्नासाठी बाहेर पाहण्याची फारशी गरज नव्हती. बा. सी. मर्ढेकरांनी संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांवर सौंदर्याची उभारणी केली होती. ‘सौंदर्य आणि साहित्य’ १९५५ पासून उपलब्ध आहे. इंद्रियसंवेदनांच्या लयबद्ध रचनेविषयी इतका विचार झालेल्या भाषेत चित्रपटाची चर्चा मात्र कथानक, आशय आणि सामाजिक भान याभोवती फिरत राहिली, ही विसंगतीच म्हटली पाहिजे. तार्कोव्हस्की आपल्या चित्रपटविषयक पुस्तकात (इंग्रजी अनुवाद १९८६) लयीचा उगम संकलनात नव्हे तर शॉटच्या आत वाहणाऱ्या काळाच्या दाबात शोधतात. मर्ढेकरांच्या वाचकाला हे परके वाटण्याचे कारण नव्हते. ख्यालगायकी ऐकणाऱ्याला तर नव्हतेच. विलंबित ख्याल संथ आहे म्हणून कोणी क्षमा मागत नाही, कारण श्रोत्याला सम ठाऊक असते. आवर्तन कितीही लांबले तरी परत कोठे यायचे आहे हे त्याच्या अंगात भिनलेले असते. ‘सोलारिस’ प्रथम पाहणाऱ्याला सम ठाऊक नसते. ती त्याला चित्रपट संपताना कळते, म्हणून पहिले आवर्तन वाया गेल्यासारखे वाटते. दुसऱ्या दर्शनात शेवटचे घर ही सम असते आणि आरंभीचे तळे तिच्याकडे झुकलेले दिसते. मणी कौल यांचा ‘ध्रुपद’ आणि कुमार शहानी यांचा ‘ख्याल गाथा’ (१९८९) यांनी संगीत आणि चित्रपट यांतील काळाचा हा संबंध प्रत्यक्ष निर्मितीत हाताळला. दोघेही पुण्याच्या इन्स्टिट्यूटमध्ये ऋत्विक घटक यांच्या हाताखाली शिकलेले, म्हणजे पुनर्दर्शनाच्या संस्कारात वाढलेले. त्यांच्या चित्रपटांवरही ‘संथ’ हाच शिक्का बसला, तो ज्यांनी ते एकदाच पाहिले त्यांच्याकडून.

चित्रपट बदलत नाही, पण पाहणाऱ्याच्या भोवतीचे जग बदलते, आणि विज्ञानकथेच्या बाबतीत हा बदल संहितेत शिरतो. ऐतिहासिक चित्रपटातील भूतकाळ जुना होत नाही. विज्ञानकथेतील भविष्यकाळ मात्र जुना होतो. वसई-विरारमधून ‘सोलारिस’ पुन्हा पाहताना हे विशेष जाणवते. तोक्योचे जे रस्ते एकेकाळी परग्रहावरचे वाटले असते त्यांच्यासारखे रस्ते आता मुंबईत अंगवळणी पडले आहेत. तोक्यो-ओसाका मार्गावर १९६४ मध्ये धावलेली जपानी द्रुतगती रेल्वे ज्या मुंबई-अहमदाबाद प्रकल्पातून भारतात येत आहे, त्याची पायाभरणी सप्टेंबर २०१७ मध्ये झाली आणि त्याच्या नियोजित स्थानकांत ठाण्यानंतरचे नाव विरारचे आहे. तार्कोव्हस्की यांचे भविष्य अर्ध्या शतकाने, उसन्या पैशावर, विरारला पोहोचते आहे.

याच्या उलट आरंभीचे तळे. चित्रपटाची पहिली चौकट पाण्याखाली डोलणाऱ्या वनस्पतींची आहे. केल्विन त्या काठाने चालतो, मुसळधार पावसात ओसरीवर उभा राहून भिजतो, चहाच्या पेल्यांत पाऊस पडत राहतो. ऐंशीच्या दशकापर्यंत वसईच्या पश्चिम पट्ट्यातील प्रेक्षकाला यात नवल वाटण्याजोगे काही नव्हते. निर्मळ, गास, भुईगाव, वाघोली, नंदाखाल, आगाशी या गावांत केळीच्या आणि पानवेलीच्या वाड्यांमधून बावखले होती. बावखल म्हणजे वाडीतले गोड्या पाण्याचे खोदीव तळे. पावसाचे पाणी त्यात साठे, जमिनीत मुरे, शेजारच्या विहिरींना पुरे आणि खाडीचे खारे पाणी दूर ठेवी. रहाटाने पाणी उपसून त्यावर वाड्या जगत. असे तळे जन्मापासून पाहिलेल्या माणसाला पडद्यावरच्या तळ्याकडे तीन मिनिटे का पाहावे हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. कदाचित ‘संथ’ या तक्रारीचा एक अर्थ हाही असेल, की जे घरी आहे ते पाहायला कोणी पेडर रोडवर जात नाही.

ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस हा पट्टा विकासासाठी खुला होऊ लागला तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समितीने पाणी आणि हिरवाई यांसाठी लढा दिला. १९९० मध्ये सिडको या भागाचे नियोजन प्राधिकरण झाले, २००९ मध्ये महानगरपालिका आली, २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेली, आणि २०१४ मध्ये पालघर जिल्हा झाला. या काळात अनेक बावखले भरणी घालून बुजवली गेली. जुलै २०१८ च्या पावसात वसई-नालासोपारा पाण्याखाली गेले तेव्हा पाणी जिरण्याची जागा कुठे गेली याची चर्चा झाली. ज्या स्थानकावर केल्विन राहतो तेथे पंख्याच्या झरोक्याला कागदाच्या पट्ट्या बांधलेल्या आहेत. त्या फडफडल्या की रात्री पानांच्या सळसळीसारखा आवाज येतो. प्रथमदर्शनी हा एक हळवा तपशील होता. वाडी गेलेल्या इमारतीत बसून पाहणाऱ्याला तो तसा वाटत नाही. हे साम्य ओढूनताणून आणलेले वाटण्याचा धोका आहे. चित्रपटाचा अर्थ वसईच्या भूगोलाने ठरत नाही हे खरेच. परंतु कोणते तपशील अर्थपूर्ण म्हणून उचलले जातात हे पाहणाऱ्याच्या अभावांवर अवलंबून असते, आणि हे अभाव इतिहासाने घडवलेले असतात. आस्वादप्रक्रियेचा इतिहास लिहायचा तर या अभावांचाही लिहावा लागेल.

पुनर्दर्शन आता संस्थेच्या हातात राहिलेले नाही. आधी व्हिडिओ कॅसेट आली, मग तबकडी आली. २०११ मध्ये मोसफिल्मने आपले अनेक चित्रपट, त्यांत तार्कोव्हस्की यांचेही, यूट्यूबवर विनामूल्य खुले केले. २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले. विरारच्या गाडीतला विद्यार्थी ‘सोलारिस’ हातातल्या पडद्यावर पाहू शकतो, थांबवू शकतो, मागे नेऊ शकतो. लॉरा मल्वी यांनी २००६ मध्ये या थांबवण्यातून चित्रपटाच्या नव्या वाचनाची शक्यता वर्तवली, आणि ती खरी आहे: हारीच्या पोशाखाच्या नाड्या आता कोणालाही तपासता येतात. पण तार्कोव्हस्की यांच्या बाबतीत या सोयीची किंमत मोठी आहे. शॉटमधील काळाचा दाब तोंडावर बोट ठेवून सोसावा लागतो. बोट पडद्यावर ठेवले की तो निघून जातो. मागे-पुढे नेऊन पाहिलेला पाच मिनिटांचा महामार्ग हा कथनातल्या पाच सेकंदांच्याच जातीचा असतो. जुन्या सभासदाला सांधे दिसले नाहीत, पण त्याने कालावधी भोगला होता, आणि या एका दिग्दर्शकापुरते तरी त्याचे पारडे जड मानावे लागते.

म्हणून फिल्म सोसायट्यांच्या काळातील मराठी लेखन आज वाचायचे ते माहितीसाठी नव्हे, तर साक्ष म्हणून. खेळाआधी वाटली जाणारी टिपणे, सभासदांसाठी निघालेली पत्रके, नियतकालिकांतील परिचयलेख यांत कोणते दृश्य आठवले आहे आणि कोणते गळाले आहे, कोठे क्रम बदलला आहे, कोठे रंगीत प्रसंग कृष्णधवल झाला आहे, याची नोंद पद्धतशीरपणे झाली तर महाराष्ट्रातील प्रेक्षकाच्या स्मृतीचा एक नकाशा हाती येईल. चित्रपट उपलब्ध झाल्यानेच हे काम आता शक्य आहे. तपासायला मूळ प्रत हवी.

‘सोलारिस’च्या शेवटाबद्दल अशा स्मृतींत एक चूक वारंवार होण्यासारखी आहे. केल्विन घरी परतला, वडिलांपुढे गुडघे टेकले, आणि कॅमेरा वर गेल्यावर कळले की ते घर महासागरातील बेटावर आहे: इतके सर्वांना आठवते, आणि रहस्य शेवटच्या शॉटमध्ये उलगडते असे वाटते. प्रत्यक्षात ते त्याआधीच उलगडलेले असते. आरंभी डोलणाऱ्या पाणवनस्पती आता हलत नाहीत. तळ्याचे पाणी स्तब्ध आहे. केल्विन खिडकीतून आत पाहतो तेव्हा पाऊस घराच्या आत पडतो आहे, वडिलांच्या खांद्यांवर पाणी ओघळते आहे, त्यातून वाफ निघते आहे आणि त्यांना त्याची जाणीव नाही. महासागराला केल्विनच्या स्मृतीतून पाऊस मिळाला. तो छपराच्या कोणत्या बाजूला पडतो हे मिळाले नाही.